नानांकडे नावाची चौकट

जगातली प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या अवस्थेत असते, आणि कारण घडल्याशिवाय ती एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात नाही. हे वाक्य हेमकांत पाटलांना त्यांच्या सुनेनं सकाळी सकाळी ऐकवलं. ते त्यांना इतकं पटलं, की ब्रश तोंडात तसाच धरून ते पथारीच्या कडेला उभे राहिले आणि विश्वाचा विचार करू लागले. विचार ऐन भरात आला असताना पेस्टचा फेस कोणतंही कारण न घडता तोंडाच्या अवस्थेतून सदऱ्याच्या अवस्थेत गेला.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. नंदुरबारच्या वेशीबाहेर अशा पथाऱ्या एकीला एक लागून आहेत, आणि थंडीच्या दिवसांत गावाच्या त्या अंगाला जमिनीचा रंग लाल असतो हे तिथली पोरं भूगोलाच्या पुस्तकाला न विचारता सांगतात. हेमकांत पाटलांना पथारीवरचे सगळे नाना म्हणत. सून रूपालीही नानाच म्हणे. ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी नंदुरबारच्या गच्चीवर बसून करायची, आणि त्या नोकरीतून उरलेली हुशारी गेल्या महिन्यापासून सासऱ्यांच्या धंद्यावर खर्च करत होती. गोदामाच्या चुना दिलेल्या भिंतीवर तिनं कोळशानं चौकटी काढल्या होत्या. सुरुवातीला एक भरीव काळा ठिपका. तिथून बाण निघून 'ओली आली' या चौकटीत शिरला होता, तिथून 'पसरली'त, 'पसरली'तून 'वाळली'त. पार शेवटी एकात एक असे दोन गोल, त्यात 'रवाना'. प्रत्येक बाणावर त्याचं कारण लिहिलेलं. 'हमाल आले.' 'ऊन लागलं.' 'गाडी लागली.' धंदा इतका स्वच्छ दिसतो हे नानांना ठाऊकच नव्हतं. ते मनातून खूश झाले. मग त्यांची नजर मधल्या चौकटीवर गेली. तीत 'नानांकडे' असं लिहिलेलं होतं. 'वाळली'तून एक बाण तीत शिरत होता, 'अर्धवट वाळली'तून दुसरा, 'भिजली, परत वाळवली'तून तिसरा. बाहेर एकही पडत नव्हता. पलीकडे 'देठ खुडणी'ची चौकट, पाहुणे येणार म्हणून सडा टाकून ठेवलेल्या घरासारखी, नुसतीच वाट बघत होती.

"नाना, एवढंच राहिलंय," रूपाली म्हणाली. "ह्या चौकटीतून माल बाहेर कधी पडतो?"

"मी सांगितलं म्हणजे."

"तुम्ही कधी सांगता?"

"माल तयार झाला म्हणजे."

"तो तयार झाला हे कशावरून कळतं?"

"मी सांगतो त्यावरून."

रूपालीनं बोटानं हवेत एक गोल काढला आणि तो पूर्ण झाल्यावर बोट तसंच धरून ठेवलं. "ज्या चौकटीत शिरता येतं पण निघता येत नाही, तिला आमच्याकडे मृत अवस्था म्हणतात."

नानांनी चूळ भरली. चूळ भरायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लावला. "मृत म्हणजे?"

"तुम्ही नाही हो, नाना. चौकट."

गुजरातेतल्या एका मसाला कंपनीनं यंदा नानांची सगळी मिरची घ्यायची तयारी दाखवली होती, फक्त कुठला लॉट कुठे पोचला हे त्यांना बसल्या जागी फोनवर दिसायला हवं होतं. ही आकृती रूपाली संध्याकाळपर्यंत पाठवणार होती. आणि पाठवायची म्हणजे प्रत्येक चौकटीला बाहेरचा बाण हवा, बाणावर कारण हवं. "तुम्ही मला कारण सांगा, मी लिहिते. नाही सापडलं, तर मग ती चौकट काढून टाकू. 'वाळली'तून सरळ 'देठ खुडणी'त." तिनं खिशातून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं. त्याला पुढं दोन सुया होत्या. मिरचीत टोचलं की ते ओलावा दाखवी, आणि मिरची पुरेशी वाळली असली तर टुंग असा आवाज करी. मुलगा नवनीत शेजारीच उभा होता. तो बापाच्या खांद्यावर हात ठेवून अतिशय प्रेमानं म्हणाला, "पप्पा, तुम्ही आता आराम करा ना." आराम हा शब्द नानांनी आजवर पुष्कळदा ऐकला होता, पण त्याला चार भिंती असतात आणि बाहेर जायचा बाण नसतो हे त्यांना त्या क्षणी प्रथमच दिसलं.

पथारीच्या मधोमध निंबाचं झाड, झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची नानांची. पाच पिढ्यांची गादी असावी तसे ते तिच्यात बसत, जरी तिचा एक पाय तारेनं बांधलेला होता. आजही ते बसले. चारी बाजूंना मिरची पसरलेली, कोवळं ऊन तिच्यावर चढत होतं, आणि लालातून आणखी लाल निघत होता. बाहेरून आलेल्या पाहुण्याला इथं आल्या आल्या ठसका लागतो. गावच्या माणसाला वास येतच नाही. वास नसला तर येतो. डोळ्याच्या ऑपरेशनला नाना सुरतेला गेले होते, तेव्हा पहिल्या रात्री हवेत काहीतरी कमी आहे या जाणिवेनं त्यांना झोप लागली नव्हती. कुशीवर वळून त्यांनी बायकोला, सरलाबाईंना, विचारलंही होतं, इथली हवा अशी अळणी का लागते? आता त्यांना वाटलं, अळणी हीही एक अवस्थाच. रूपालीनं त्यांच्या डोक्यात काहीतरी सोडून दिलं होतं आणि ते आता आत इकडून तिकडे पळत होतं. कुंपणाशी झोपलेलं कुत्रं उठलं, स्वतःभोवती गोल फिरलं आणि होतं तिथंच झोपलं. याचाही बाण भिंतीवर होता: चौकटीतून निघतो आणि वळून त्याच चौकटीत येतो. नानांना स्वतःचे बारावीचे दिवस आठवले. तापीकाठच्या प्रकाशा गावी काळा ठिपका, तिथून 'शाळेत', तिथून 'बारावी', आणि त्या चौकटीतून बाण निघून दोनदा ऐटीत वळून पुन्हा 'बारावी'त. मग 'मुलगी पाहिली'. मग 'पसंत आहे का विचारलं'. त्या चौकटीतून बाहेर पडायला सरलाबाईंनी इतका वेळ लावला होता की लोटनआबांनी दुसरीकडे निरोप पाठवायची तयारी केली होती. कारण काय घडलं आणि त्या हो म्हणाल्या? इतक्या वर्षांत हे नानांनी विचारलं नव्हतं. आता विचारावं असं वाटलं, पण भीतीही वाटली. उत्तरात आपण नसलो तर?

लोटनआबा म्हणजे नानांचे वडील. ही सगळी रीत त्यांची. वाळलेल्या ढिगातून मधली एक मिरची उचलायची, देठाशी दोन बोटांत धरायची, उजव्या कानाशी न्यायची आणि हळूच हलवायची. आत दाणे वाजतात. ते ऐकत बसायचं. भोवती सगळे गप्प. आणि मग केव्हातरी, ते केव्हा हे कोणीच आधी सांगू शकत नसे, आबांच्या तोंडून निघायचं, "हं." तो हं निघाला की बायका उठायच्या, माल उचलायच्या आणि देठ खुडायला घ्यायच्या. हं निघाला नाही तर माल पडून. हेमकांत तेव्हा मिसरूड फुटलेला. त्यानं एकदा धीर करून विचारलं होतं, आबा, काय ऐकू येस? आबांनी मिरची त्याच्या कानाशी धरली. "येई तधळ समजी जाई." ऐकू येईल तेव्हा कळेल. त्या वाक्यावर नानांनी अख्खा धंदा चालवला. मिरची कानाशी धरून त्यांनी उभं आयुष्य काढलं आणि आजवर त्यांना जे काही ऐकू आलं ते म्हणजे दाणे. पूर्ण वाळलेल्या मिरचीचे दाणे वाजतात. अर्धवट वाळलेल्या मिरचीचेही वाजतात. कुजकीचेसुद्धा वाजतात, थोडे खजील होऊन. आणि तरीही हं येई. पोटातून यायचा, उचकीसारखा, खात्रीचा. तो आला की नानांना स्वतःविषयी अपार आदर वाटे आणि तो आदर दुपारच्या जेवणापर्यंत टिके.

म्हणजे कारण आहेच. फक्त हं येईल त्या क्षणी ते पकडायला हवं. नानांनी मिरची उचलली, कानाशी नेली आणि पाळत ठेवून बसले. झोप कधी लागते हे बघायला जागं राहणाऱ्या माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. दाणे वाजत होते. निंबावर कावळा होता. पलीकडे कालीबाई आणि तिच्या बरोबरीच्या बायका नव्या मालाची वाट बघत कालचा उरलेला ढीग खुडत बसल्या होत्या, आणि बोलत होत्या भिंतीबद्दल.

"नाना," कालीबाईनं हाक मारली, "भिंतवर समदासले खोल्या काढी दिन्यात म्हणे. मन्ही कोनती?"

"देठ खुडणीची."

"मोठी शे का?"

"ठीक आहे."

"आनि तुम्हनी?"

"मधली."

कालीबाईनं हातातलं देठ फेकलं आणि भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तिले त दारच नही शे. तुम्ही बाहेर कशा निंघश्यात?"

बायका हसल्या. नाना हसले नाहीत, पण त्यांच्या कानाशी धरलेली मिरची हसली; हात हलत होता. कानाच्या पाळीची आग व्हायला लागली होती. घामाचा थेंब मानेवरून पाठीत गेला. थंडीच्या दिवसांत घाम, म्हणजे ही कोणती अवस्था? हं येईना. कधी नव्हे ते येईना. गळ्यापर्यंत यायचा आणि आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे हे कळून परत जायचा. नानांनी दुसरी मिरची घेतली. तिसरी घेतली. आपण मेलो आहोत आणि हे फक्त सुनेच्या लक्षात आलं आहे, असा एक विचार मनात येऊन गेला, आणि तो इतका हास्यास्पद होता की त्यांनी तो पुन्हा एकदा करून पाहिला. दुसऱ्या वेळी तो तेवढा हास्यास्पद वाटला नाही. प्रकाशाचं शेत, तापीचं पात्र, आबांची पथारी सगळं मागे आवळत चाललंय आणि ह्या चार कोळशाच्या रेघा जवळ येतायत, असं वाटलं. मिरची हातातून सुटली.

आणि तेवढ्यात घराकडून आवाज आला. टक, टक. सरलाबाई चहा गाळून झाल्यावर गाळणी पातेल्याच्या काठावर आपटायच्या, तो आवाज. स्वयंपाकघराची खिडकी पथारीवरच उघडते.

"हं," नाना म्हणाले.

कालीबाई उठली. बायका उठल्या. लुगड्यांवरची देठं झटकली गेली. नानांनी हात वर केला आणि त्या पथारीवर पूर्वी कधीच उच्चारला न गेलेला शब्द उच्चारला. "थांबा."

"हं म्हनात ना, नाना?"

"ते माझं नव्हतं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मालकाचा हं मालकाचा नसेल तर तो कोणाचा, असा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता, पण कोणी विचारला नाही. त्या पुन्हा कालच्या ढिगाशी जाऊन बसल्या.

नाना मात्र खुर्चीत खिळले होते. टक, टक, हं. त्यांनी गेली वर्षं मनातल्या मनात उलगडून पाहिली, आणि जिथं जिथं हं होता, तिथं तिथं त्याच्या आधी ती गाळणी होती. सरलाबाई त्यांच्या भाचीच्या लग्नाला रनाळ्याला जाऊन राहिल्या होत्या, तो आठवडा त्यांना आठवला. त्या आठवड्यात एकही लॉट उचलला गेला नव्हता. नाना रोज मिरची कानाशी धरून बसत आणि रोज सांगत, हवा बरोबर नाही. माल वाळून वाळून इतका कोरडा झाला की उचलताना बायकांच्या हातात तुकडे आले, आणि नानांनी ते खापर उत्तरेकडच्या वाऱ्यावर फोडलं होतं. वाऱ्यानं काही केलं नव्हतं. वारा बिचारा नेहमीसारखाच आला होता. चहा तेवढा नव्हता. नाना त्या वेळी पलीकडच्या टपरीवर जाऊन चहा पीत, पण तिथल्या चहाला गाळणीचा आवाज नव्हता. टपरीवरचा पोऱ्या कापडानं गाळायचा. इतका मोठा धंदा, इतके डोळे पथारीवर लागलेले, आणि सगळं एका गाळणीच्या दांड्यावर. त्यांना एकदम हसू आलं. मोठ्यानं आलं. कुंपणाशी झोपलेलं कुत्रं दुसऱ्या अवस्थेत गेलं.

पण मग चहा कधी होतो? आता नानांना राहवेना. पुष्कळ दिवसांनी ते स्वयंपाकघरात शिरले. सरलाबाईंनी चहाचा कप पुढं केला आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "काय व्हयनं? तुम्ही आठे, सयपाकघरमा, कशा उनात?"

"चहा तू केव्हा टाकतेस?"

"दूध येस तधळ."

"आणि दूध केव्हा येतं?"

"पितांबर लई येस तधळ. असं काय इचारतस? साखर कमी पडनी का?"

पितांबरचं घर पथारीच्या मागच्या अंगाला. नाना चहा हातात घेऊनच निघाले. पितांबर गोठ्यासमोर भांडी घासत होता. त्यानं सांगितलं की दूध केव्हा यावं हे त्याच्या हातात नाही, ते म्हशीच्या हातात आहे. आणि म्हैस थंडीत पान्हा सोडत नाही. तिला त्याची आई भिकुबाई येऊन चार शिव्या देते, मग सोडते. नुसत्या शिव्यांनी भागत नाही, त्या भिकुबाईनंच द्याव्या लागतात. पितांबरनं देऊन पाहिल्या होत्या, म्हैस त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली होती.

"आणि भिकुबाई गोठ्यात केव्हा येते?"

"टीव्हीवरनी तिनी मालिका सरस तधळ."

हा बाण असाच पुढं नेला तर तो मुंबईला जाणार, स्टुडिओत शिरणार आणि कोणत्या सासूनं कोणत्या सुनेला कधी हाकलावं ते ठरवणाऱ्या लोकांपर्यंत पोचणार, हे दिसल्यावर नानांनी तो तिथंच खाली ठेवला. गोठ्यात म्हैस उभी होती. काळी, शांत, डोळे अर्धे मिटलेली. गुजरातेतली कंपनी, मिरचीचा बाजार, 'रवाना' लिहिलेला तो दुहेरी गोल, हे सगळं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं शेपटी एकदा डावीकडे मारली. नानांनी तिच्याकडे आदरानं पाहिलं, आणि उगीचच, देवळासमोर काढतो तशी, चप्पल काढली आणि परत घातली.

परत येताना त्यांच्या पावलांना घाई नव्हती. आणि का कोण जाणे, त्यांना प्रकाशाची दुपार आठवली. आबा ओट्यावर बसलेले, मिरची कानाशी. ऊन इतकं की नदीकडे बघवत नाही. सगळे गप्प. केदारेश्वराच्या देवळात नैवेद्याची घंटा वाजायला लागते, तिचा आवाज पाण्यावरून येतो, आणि आबा म्हणतात, "हं." त्या हंमागे नानांनी कायम काहीतरी अथांग आहे असं धरलं होतं, तापीच्या डोहासारखं, आणि आपल्यात ते नाही म्हणून त्यांना आतून सतत थोडं लाजल्यासारखं होत आलं होतं. पण घंटेनंतर आबा लगेच उठत. पंचा खांद्यावर टाकत आणि तरातरा घराकडे चालायला लागत. जेवायला. आबांना भूक लागलेली असायची! एवढंच. आपल्या बापाला भूक लागायची, आणि तो ती सगळ्यांसमोर इतक्या रुबाबात लागू द्यायचा की माल उचलला जायचा. नाना पथारीच्या कडेला थांबले. इतक्या वर्षांत त्यांना आबा इतके जवळचे कधी वाटले नव्हते. कोणी पाहत नाही असं बघून त्यांनी डोळे पुसले, आणि हाताला मिरची लागलेली असल्यामुळे पुढचा बराच वेळ त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा रूपाली लॅपटॉप घेऊन भिंतीशी आली. लॉट अजून तिथंच होता, नानांकडे. नवनीत यंत्र घेऊन फिरत होता. त्यानं ढिगात चार ठिकाणी सुया टोचल्या आणि चारही ठिकाणी टुंग वाजलं. माल तयार होता. आता नानांनी नुसतं म्हणायचं होतं. नानांनी खुर्चीत बसून मिरची कानाशी धरली, छाती भरून घेतली आणि म्हणाले, "हं."

कोणी उठलं नाही.

"हं," ते पुन्हा म्हणाले.

कालीबाईनं मान हलवली. "नाना, हाऊ खरा नही शे."

"खरा म्हणजे?"

"खरा ऱ्हास तधळ आमन्या टाचा आपोआप उठतस. आते नही उठन्यात."

मग नाना उठले, भिंतीशी गेले आणि रूपालीला सगळं सांगून टाकलं. गाळणी, रनाळ्याचा आठवडा, पितांबर, म्हैस, भिकुबाईची मालिका. मालिकेचं नाव मात्र सांगितलं नाही. कंपनीला त्याची गरज नव्हती. देवळाची घंटाही सांगितली नाही; ती त्यांनी स्वतःकडे ठेवली. सांगून झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "तेव्हा पोरी, पूस ती चौकट. ऐकू कधीच काही आलं नाही. यंत्र बरोबर आहे."

रूपाली हसली नाही. नवनीतनं हसायला तोंड उघडलं होतं, तिनं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यानं ते जांभईच्या कामी लावलं. "नाना," ती म्हणाली, "तुम्ही सुरतेला होतात तेव्हा काय झालं होतं?"

काय झालं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवनीतनं घाई करून माल उचलला होता. वरून बोट लावून पाहिलं, वाळल्यासारखा वाटला, भरला पोत्यात. आतल्या मिरचीनं बुरशी धरली आणि गाडी अर्ध्या वाटेतून परत आली. नवनीत यंत्राच्या सुयांकडे पाहू लागला.

"आई रनाळ्याला होत्या तेव्हा माल जास्त वाळला. तुम्ही नव्हतात तेव्हा कमी वाळला. दोघं असता तेव्हा कधीच काही झालं नाही. म्हणजे ही चौकट काम करते. काय काम करते ते मला विचारू नका. यंत्र ओलावा सांगेल, पण कोणीतरी मध्ये नुसतं बसून राहायला लागतं, अजून नाही म्हणून. तोवर ऊन आपलं काम करतं. मला फक्त बाहेरच्या बाणावर कारण हवं होतं." तिनं कोळसा उचलला. 'नानांकडे'तून एक लांब रेघ ओढली, ती 'देठ खुडणी'त नेऊन टेकवली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चहा झाला.'

"कंपनी हसेल," नाना म्हणाले.

"कंपनीला कारण लागतं. कारण मोठं आहे की छोटं, हे कोण बघतं?"

नानांनी त्या रेघेकडे पाहिलं. ती अगदी साधी रेघ होती, शेवटी जरा वाकडी, पण तिला टोक होतं आणि ते टोक बाहेरच्या बाजूला होतं. कालीबाई उठून जवळ आली, भिंत निरखून म्हणाली, "हां. आते दार उनं." नानांना बोलावंसं वाटलं. त्यांनी सदरा खाली ओढला. सकाळचा फेसाचा डाग अजून त्यावर होता, पण तो आता वाळलेल्या अवस्थेत होता. माणूस म्हणजे एक चौकट आहे, असं काहीतरी त्यांच्या मनात जुळत आलं होतं. तीत सगळं येऊन थांबतं, आणि थांबणं हेच काम, आणि बाण कुठून येईल ते… नवनीतनं फोन वर धरला, कदाचित हे टिपून घ्यावं म्हणून. बायका देठं झटकून तयार बसल्या. संध्याकाळच्या चहाची वेळ झाली होती. सगळ्यांचे कान स्वयंपाकघराच्या खिडकीकडे लागले. नानांनी खाली वाकून ढिगातली एक मिरची उचलली, कानाशी नेली आणि डोळे मिटले.

खिडकी उघडली.

"आयकी ऱ्हायनात ना?" सरलाबाईंचा आवाज आला. "दूध फाटी गयं. पितांबरकडथून अर्धा लिटर लई या. आनि जाताना बरनी धोईसन लई जा."